स्टोव्ह बंद, तरी उकळी

"तापवलं का कुणी? न्हाई. वजन उचललं, बास." एवढं बोलून सर दोन बोटं हवेत वर न्यायचे, कुकरची शिट्टी उचलल्यासारखी.

जुन्नरच्या एका कॉलेजात ते आम्हाला भूगोल शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक, झाली तर झाली. धनगराघरचे, बोलणंही घरचंच. उशिरा आलेल्याला म्हणायचे, "या पावणं, चहा सांगू का?" कायम नोकरीवाले प्राध्यापक त्यांच्या बोलण्याला हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. मला शुद्ध बोलणारे सर हवे होते.

समुद्राच्या तळाशी पृथ्वीचं नवं कवच कसं तयार होतं, हा धडा आला तेव्हा सरांनी घरचा कुकर वर्गात आणला, डाळीसकट, स्टोव्हसकट. शिट्टी फुरफुरू लागली तसा स्टोव्ह बंद केला. कुकर गप्प झाला. मग फडक्याने शिट्टी उचलली. डाळीचा फवारा थेट फळ्यावर!

"बघा राव! खाली जाळ न्हाई, तरी उकळी. का? दाब गेला. समुद्राखालीबी तसंच. खालचा खडक लई तापलेला, पण वरच्या वजनानं घट्ट राहिलेला. तळाचे दोन तुकडे लांब सरले की तो वर येतो, दाब कमी व्हतो, आन् वितळतो. फटीत शिरतो, पाण्यानं गार व्हतो. झाली नवी जमीन. परत फट, परत नवी. मधली कोवळी, कडेची म्हातारी."

ती डाळ त्यांनी दुपारी आम्हालाच वाढली. फळ्यावरची सोडून.

वार्षिक परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. पेपर तपासले विभागप्रमुखांनी, गाइड समोर ठेवून. गाइडात होतं, 'उष्णता वाढून खडक वितळतो.' आम्ही दाब लिहिलेला. सगळ्यांना भोपळा. त्या एका प्रश्नापायी माझा पहिला वर्ग गेला.

पोरं भडकली. सरांविरुद्ध अर्ज द्यायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. 'सर चुकीचे शिकवतात. त्यांची भाषा अशुद्ध आहे.' दुसरं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या पदरचं.

जूनमध्ये सर आले नाहीत.

पुढे पुण्यात एम.ए.ला असताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात सरांनी सांगितलेलं दाबाचं कारण जसंच्या तसं सापडलं. तरी त्यांच्याकडे जायला मला चार वर्षं लागली, नोकरी लागेपर्यंत. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सर पारगावला एका खताच्या दुकानात पोती रचून घेत होते. मी पाया पडलो.

"सर, तुमचं बरोबर होतं."

"ते मला तवाच म्हाईत व्हतं."

"तो अर्ज मी लिहिला होता."

"तेबी म्हाईत व्हतं. वर्षभर तुझ्या वह्या तपासल्या मी."

"मग प्राचार्यांना तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. ते म्हणले, छापलेलं खोटं कसं असंल? मी म्हणलो, पोरांना विचारा, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय." सरांनी हात झटकले. "त्यांनी माझ्याम्होरं तुमचा अर्ज ठेवला."

मी नेलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी घेतला आणि न उघडता हमालाच्या हातात दिला. "पोरांसाठी ने घरी." मग ते पुन्हा पोती मोजू लागले. मी हल्ली कुठे असतो, काय करतो, त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी बराच वेळ तिथं उभा होतो.