दत्तारामचा डावा कान

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. आई जायच्या आदल्या दिवशी तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा वाटलं होतं, बोलून टाकावं — पण तोंड उघडलं नाही. आज तुमच्याजवळ बोलतोय.

रत्नागिरीत मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी यार्ड सांभाळतो. कोळंबी सोलून, धुऊन, ट्रेमध्ये गोठवतात, पेट्यांत भरतात, आणि पेट्या रीफरमध्ये चढतात — म्हणजे स्वतःचं थंडीचं यंत्र असलेल्या कंटेनरमध्ये. तो पुढे मुंबईच्या बंदरातून बोटीवर जातो. ट्रेलर येईपर्यंत रीफर आमच्या यार्डात विजेच्या प्लगवर उभा असतो. आत मायनस अठरा. दर दोन तासांनी आकडा बघायचा, शीटवर लिहायचा, सही करायची. हे काम तेव्हा दत्तारामचं होतं.

दत्ताराम संगमेश्वराकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी कामाला लागलो तेव्हा तो जाड प्लग कसा धरायचा, ओल्या हातानं का धरायचा नाही, सगळं त्यानंच शिकवलं. डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्याकडे सरकवायचा. मी त्याला दादा म्हणायचो. आणि त्याच दादाला मी —

थांबा. नीट सांगतो. नाहीतर मी पुन्हा कुठूनतरी निसटेन.

नोव्हेंबर होता, भर सीझन. सकाळी अकराच्या सुमारास शेठनी सगळ्यांना यार्डात बोलावलं. आमचा एक कंटेनर परदेशातल्या गिऱ्हाइकानं उघडला होता. आतली कोळंबी एकदा वितळून पुन्हा गोठलेली, काळी पडलेली, घाण मारणारी. सगळी फेकावी लागली. कंटेनरचं यंत्र स्वतःची नोंद ठेवतं. त्यात दिसत होतं, की आमच्या यार्डात तो वीस तास बंद होता. आणि आमच्या शीटवर त्याच वीस तासांत ओळीनं मायनस अठरा, खाली दत्तारामची सही. गिऱ्हाईक तुटलं, कारखाना चालेल की नाही ते आता सांगता येत नाही, एवढं बोलून शेठनी शीट माझ्या हातात दिली आणि ते आत निघून गेले.

यार्डात पंचवीस-तीस माणसं. दत्तारामनं माझ्या हातातली शीट वाचली, मग माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे — नुसता गोंधळून.

"ही सही माझी नाय," तो म्हणाला. "मी तवा गावी होतो. विलास, तूच बोल्लास ना मला, जा म्हणून?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. किती वेळ गेला असेल? दोन श्वास? बाजूला धुतलेले ॲल्युमिनियमचे ट्रे रचून ठेवले होते. मी वरचा उचलला आणि त्याची कड दत्तारामच्या डाव्या कानावर हाणली.

कान वरून फाटला आणि गालावर लोंबला. तो खाली बसला नाही, ओरडलाही नाही, फक्त हात वर नेला आणि बोटांना काय लागतंय ते चाचपायला लागला. मी ओरडलो, हा खोटारडा आहे, यानं आपल्या सगळ्यांचं पोट मारलंय. तेवढं पुरलं. पेट्या चढवणारे लोडर त्याच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, कुणाच्या तरी हातात लोखंडी सळई. त्याचा गुडघा मोडला तेव्हाचा आवाज मी ऐकला — वाळलेली फांदी पायाखाली येते ना, तसा. तो आडवा पडल्यावर मी त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर मारत राहिलो. दात माझ्या मुठीत रुतले. तोंडावरच का? तो बोलणार होता तो तोंडानं, म्हणून.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात झालं असेल. नाही हो. राग बाकीच्यांना होता, खरा राग, नोकरी जाणाऱ्या माणसांचा. मला राग नव्हता. माझं डोकं थंड होतं, एवढं थंड पुन्हा कधी झालं नाही. मला फक्त त्याला गप्प करायचं होतं.

ऑक्टोबरात काय झालं, ते आता सांगायलाच हवं.

दत्तारामच्या गावी भात कापणीला आलं होतं आणि त्याची बायको एकटी होती. शनिवारी सकाळी तो मला विचारत होता, शेठना न सांगता जाऊन येऊ का. मी म्हटलं, "जा दादा, उद्या संध्याकाळी ये. रीफर मी बघतो." खुशीत होतो मी. दुपारी चिपळूणला मुलगी बघायला जायचं होतं आणि नुकतीच जुनी गाडी घेतली होती. तिच्यावर लाल मातीचा थर होता. क्रेट धुवायचा पंप जोडायला दुसरी जागा रिकामी नव्हती, म्हणून मी रीफरचा प्लग काढला. दहा मिनिटांचं काम. गाडी धुतली, आरशासारखी केली, कपडे बदलले आणि निघालो.

प्लग तसाच जमिनीवर.

चिपळुणात मुलगी पसंत पडली, तिच्या मामांनी राहायचा आग्रह केला, मी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तेव्हा रीफरवरचा आकडा दाखवणारा पडदा काळा होता आणि दाराच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. ऑक्टोबरचं ऊन — पत्रा हाताला चटका देत होता. मी शेठना फोन करू शकलो असतो. माल उतरवता आला असता, काहीतरी वाचलं असतं. मी प्लग जोडला, आकडा हळूहळू उतरताना बघत बसलो आणि शीट भरली. मायनस अठरा, मायनस अठरा, मायनस अठरा. सही दत्तारामची केली. त्याचं अक्षर मला येत होतं, शेजारी बसून शिकलो होतो ना. दुपारी ट्रेलर आला आणि कंटेनर घेऊन गेला. खाणारी माणसं होती तिकडे. तो विचार मनात आला होता, मी तो बाजूला सारला.

म्हणजे बघा, मारताना मला सगळं ठाऊक होतं. फक्त मलाच.

दवाखान्यात त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, मी बाहेर बोलावलं. हळू आवाजात सांगितलं, की पोलिसांत गेलात तर खोट्या शीटची केस दादावरच बसेल. शिडीवरून पडला असं सांगा. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. बोटांवर दातांच्या खुणा होत्या.  डॉक्टरांना त्यांनी मी सांगितलं तेच सांगितलं.

कारखाना बंद पडला नाही. दत्ताराम गावी गेला तो परत आला नाही. यार्ड माझ्याकडे आलं. चिपळूणची ती मुलगी आज माझी बायको आहे.

गेल्या वर्षी, बऱ्याच वर्षांनी, मी त्याच्या गावी गेलो. सांगायलाच गेलो होतो — निदान घरातून निघताना तरी तसं ठरवलं होतं. तो अंगणात सुपारी सोलत होता. डावा कान म्हणजे नुसती गाठ, त्या बाजूनं ऐकू येत नाही. उजवीकडे बसायला सांगितलं मला. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

बराच वेळ तो पावसाचं, सुपारीच्या रोगाचं बोलला. मग सुरी खाली ठेवली.

"पोरीला वाटतं मी शिडीवरून पडलो," तो म्हणाला. "तसंच ऱ्हाऊ दे. पण एक विचारू? तो प्लग कुणी काढला रं?"

त्याच्या आवाजात काटा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याची सही मी केली हे त्यानं ताडलं असणार. मी घाबरून केली, दुसऱ्या कुणाला तरी सांभाळून घेतलं, असंच काहीतरी त्यानं एवढी वर्षं मनाशी धरलं असणार. अंगणात आम्ही दोघंच. कुणाची भीती? कसली नोकरी?

"नाय ठाव, दादा," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि उठला. मोडलेला पाय ओढत, कुंपणाला धरून धरून तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी येऊ दिलं.