अर्थिंगच्या खड्ड्यातली वाफ
पाणी टाकून विझवलेल्या कोळशाचा वास आला की मला नवापूरजवळचा तो कापड कारखाना आठवतो. मी तिथे नवा इंजिनीअर होतो. अकरा हजार व्होल्टच्या पॅनेलचा लोखंडी सांगाडा पट्टीने आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला होता, म्हणजे चुकून लोखंडात वीज उतरलीच तर ती जमिनीत निघून जावी. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि माती. नंदुरबारहून येणारे म्हातारे वायरमन चाचा उन्हाळाभर रोज सकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचे आणि मगच हजेरी लावायचे. एकदा मी हसलो, तर म्हणाले, "वल्ली जमीनच करंट खास, साहेब. सुकी नही खात." ओली जमीनच वीज खाते, सुकी खात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच दुपारी मी पॅनेलच्या दारावर तळहात टेकवून मीटर वाचत होतो, आणि आत तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. केबल फुटून वीज थेट त्या लोखंडात उतरली होती. ब्रेकर पडला, पंखे थांबले, शेकडो माग एकदम गप्प झाले. माझा हात अजून दारावरच होता, आणि त्याला साधी मुंगीसुद्धा चावली नव्हती. बाहेर आलो, तर खड्ड्याच्या तोंडातून वाफेची बारीक रेघ वर चढत होती आणि ओल्या कोळशाचा वास सुटला होता. चाचा तिच्याकडे बघत उभे होते. "खाई गई," ते हळूच म्हणाले, "तुमले सोडी दिन्हं." मग बादली उचलून नळाकडे गेले. आजही नव्या कारखान्यात पाऊल टाकलं की मी पॅनेल नंतर बघतो. आधी वाकून खड्ड्यातली माती ओली आहे का ते चाचपतो, त्याच तळहाताने.