खंडेनवमीचा गोळा

"निरांजन विझव," मी मुलीला म्हणाले.

"अगं आई, आत्ता तर आरती..."

मी तिच्या हातातलं तबक ओढलं आणि वात चिमटीत दाबली. समोर पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर थर्मासएवढा लोखंडी गोळा. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू वाहिलेला. जावई त्याला खेटून मांडी घालून बसलेले. मुलीचा शेजारी समोर हाताची घडी घालून उभा. एवढ्यातच तो एक वाक्य बोलून गेला होता आणि आपण काय बोललो ते त्यालाच कळलं नव्हतं.

ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. मी सातवीपर्यंत शिकले, पोलिसात भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण माझ्या मरणाच्या सगळ्यात जवळ मी गेले ती निवृत्तीनंतर, सिंगापूरला मुलीकडे राहायला गेले असताना. नावं लिहीत नाही. सगळे अजून नोकरीत आहेत.

जावई आणि शेजारी दोघेही पुण्याचे, दोघेही इंजिनिअर. दोघांनी मिळून सेलमधून एकसारखे मेटल डिटेक्टर आणले, नवशिक्यांचे, हलके. रविवारी सेम्बावांगच्या किनाऱ्यावर जायचे. लोखंड असलं की यंत्र घरघरतं, तांबं-पितळ असलं की टिंग वाजतं. जावयांना कोल्ड्रिंकच्या कॅनची झाकणं सापडली. शेजाऱ्याला लढाईच्या काळातला पितळी बिल्ला सापडला.

त्याने फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. माझी मुलगी जेवताना म्हणाली, "किती छान सापडलं ना त्यांना!" जावयांनी पोळी अर्धी टाकली आणि ते उठले. तिथून ही केस सुरू झाली. जावई एकटे जाऊ लागले, जागा बदलून, कोणाला न सांगता.

खबर दिली ती शेजाऱ्यानेच. लिफ्टपाशी मला गाठलं.

"काकू, तुमच्या जावयांना काहीतरी घबाड मिळालंय. माझ्याशी बोलत नाहीत. बाल्कनीत काय घासत असतात ते विचारा ना."

"तू का नाही विचारत?"

"मी कशाला विचारू? मला काय पडलंय!"

पडलं नव्हतं, पण लिफ्ट दोनदा वर जाऊ दिली त्याने. पोलीस ठाण्यात खबर देणारा माणूस क्वचितच न्यायासाठी येतो. बहुतेक वेळा दुसऱ्याचं बरं चाललंय म्हणून येतो. खबर मात्र खरी असते, कारण जळणाऱ्या माणसाइतकी बारीक नजर कोणाची नसते.

मी जावयांची चौकशी केली. माझी पद्धत जुनी आहे. आधी चहा द्यायचा, मग गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही.

"काही नाही हो आई," ते शेवटी म्हणाले. "तोफगोळा आहे. आमच्या गडांवर पडलेले असतात ना, तसा. पण त्याला सांगू नका. खंडेनवमीला शस्त्रपूजेत मांडणार आहे, तेव्हा त्याला बोलवायचंय. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आहे कुठे?"

"शेल्टरमध्ये."

तिथल्या फ्लॅटला जाड लोखंडी दाराची एक कोठी असते. लढाई झाली, बॉम्ब पडले, तर घरच्यांनी आत बसायचं. आम्ही तिच्यात कांदे ठेवायचो. मी काही पुढे विचारलं नाही. तोफगोळा म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे गडावरचा भरीव गोळाच आला. त्याच्यावर पोरंसोरं बसतात, फोटो काढतात.

खंडेनवमीला शेजारी आला. जावयांनी कापड दूर केलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो वाकला, बोटाने बुडाजवळचं तांब्याचं कडं घासलं. त्या कड्यामुळेच यंत्र टिंग वाजलं होतं. मुलीने निरांजन लावलं. शेजाऱ्याला काहीतरी खोट काढायची होतीच.

"ह्यॅ! हा कसला तोफगोळा? तोफगोळ्याला कडं नसतं. हा दुसऱ्या महायुद्धातला साधा शेल आहे. त्यात जुनं ते काय!"

हेच ते वाक्य. गोळा म्हटल्यावर आम्ही त्याला घासलं, कांद्यांत ठेवलं, कुंकू लावलं. शेल म्हटल्यावर, म्हणजे आत दारू भरलेला म्हटल्यावर, निरांजन धरलेला मुलीचा हात कुठे आहे ते मला दिसलं.

"फुटलेला आहे का हा?" वात विझवून मी विचारलं.

शेजाऱ्याने खिशातून फोन काढला. मग जावई म्हणाले, "आई, पोलीस नको. ईपी जाईल माझा." ईपी म्हणजे तिथला नोकरीचा परवाना.

"तुम्ही राहिलात तर ईपीचं बघू. उठा. हळू. त्याला हात लावू नका. चपलाही राहू देत."

शेजाऱ्यानेच पोलिसांना फोन लावला. ते लगेच आले. पोरगेलासा अधिकारी दारातून डोकावला आणि कुंकू बघून थबकला.

"आंटी, धिस वन यू प्रे आह?"

हो, पूजा केली, मी म्हटलं. त्याने सगळी इमारत रिकामी केली. आमच्याकडे दोरी बांधली की माणसं तिच्यावर ओणवतात. तिथे सांगितलं तेवढी मागे गेली. अनवाणी खाली उभे असताना शेजारी जावयांना हळूच म्हणाला, "आता तरी सांग. नक्की कुठे सापडला?"

"नाही सांगणार," जावई म्हणाले.

शेवटी पोलिसांनी विचारल्यावर सांगावं लागलं. तेव्हा शेजारी कान देऊन ऐकत होता.

बॉम्बवाल्यांनी गोळा नेला आणि उडवला. आतली दारू शाबूत होती, असं त्यांनी सांगितलं. जावयांना समज मिळाली, ईपी राहिला. दोन्ही यंत्रं मी कचऱ्यात टाकायला लावली, एकाच वेळी, एकमेकांसमोर. नाहीतर कोणीच टाकलं नसतं.

मत्सराने ती वस्तू घरात आणली आणि मत्सरानेच ती काय आहे ते सांगितलं. पण मत्सराचे आभार मानावेत असं मला वाटत नाही. खोट काढायला तो जरा उशिरा आला असता, तर आरती पुरी झाली असती.

त्या खोलीत मी, माझी मुलगी, जावई आणि शेजारी होतो. चौघेही जिवंत आहोत.