बांधावर वाटलेली गोळी

"हायपोग्लायसेमिया," डॉक्टरीणबाई मनल्या. "रक्तातली साखर एकदम खाली गेली आहे."

मी तं भांडलीच त्याईच्याशी! माह्या सासूची, आत्याबाईची, साखर वाढते, कमी कशी होईल? आत्याबाई दवाखान्याच्या खाटेवर घामानं ओल्याचिंब, हाक मारली तं ओ नाई. वाटलं, गेल्या आता.

सलाईनमधून ग्लुकोज सुरू झालं. "त्या कोणकोणत्या गोळ्या खातात? सगळ्या दाखवा." शोधाले कुठी जाऊ? लुगड्याच्या कनवटीतच सापडल्या! एक आमची पट्टी, अन् एक तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी, तिच्यात सुट्ट्या गोळ्या.

पन्नी पाह्यली अन् डोकं भणाणलं. धानाच्या रोवण्यात आमच्या गडचिरोलीकडं बाया बांधावर सगळं वाटून खातात. भाकर, चटणी, खर्रा, अन् आता हे! शेजारच्या धुरपताबाईलेही शुगर, तिले फोन केला. ती रडतच आपली पट्टी घेऊन आली. "माही गोळी गुणाची आहे मनून देल्ली वो!" आत्याबाईनं आपलीही खाल्ली, तिचीही खाल्ली. शिदोरी मात्र घाईत तशीच राह्यली.

"नावं वेगळी, औषध एकच," डॉक्टरीणबाई मनल्या. "डोस दुप्पट झाला, आणि पोट रिकामं."

थोड्या वेळानं आत्याबाईनं डोळे उघडले! "काऊन मले इथी आणलं? रोवणा कोन करन?" अगंबाई, मी नाचाचीच राह्यली होती!

लगेच चालल्या घरी. डॉक्टरीणबाईनं अडवलं, "गोळीचा अंमल अजून अंगात आहे. साखर पुन्हा उतरू शकते." आत्याबाई फुगल्या, पण मी हटली नाई. अन् खरंच, संध्याकाळी पुन्हा घाम सुटला, हात थरथरले. वॉर्डात होतो मनून निभावलं. घरी असतो तं?

मनून सांगते बायांनो, गोळी दुसऱ्याची खाऊ नका, आपली कोणाले देऊ नका. पट्टीतून काढून पन्नीत तं मुळीच ठेवू नका. शुगरची गोळी खाणारं माणूस घामाघूम झालं, बरळाले लागलं, तं शुद्धीत असन तवरच साखर चारा. बेशुद्ध असन तं तोंडात काहीच ओतू नका, थेट दवाखाना गाठा. त्या डॉक्टरीणबाईचे उपकार मी जन्मभर इसरणार नाई.

औंदा पुन्हा रोवणा लागला. बांधावर धुरपताबाईनं पन्नी काढली, तशा आत्याबाई ओरडल्या, "पह्यले दाखव वो, खर्रा आहे का गोळी!"

सारा बांध खदखदून हसला. मी मात्र रडली. ओरडाले आहेत ना माह्या आत्याबाई!