पुढचा डावा खांदा

इटलीतली जुनी गावं उचलून इंदापूर तालुक्यात आणून बसवणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या दाजींचे चुलते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. राहायला जळोचीला, कामाला बारामतीच्या एका कारखान्यात फिटर. नव्वदनंतरच्या सालांत कारखान्यानं इटलीहून मशिनं घेतली आणि ती शिकून यायला दोघांना तिकडं धाडायचं ठरलं. पहिलं नाव आबांचं. दुसरं माझं, आणि ते आबांनीच घातलेलं. मी लोणी देवकरचा, आठवीतच शाळा सुटलेला. माझ्याहून जास्त शिकलेली पोरं खात्यात असताना आबा साहेबाला म्हणाले, "ह्याचा हात चांगला हाय. आन हा भितो. भिणारा माणूस मशिनीत बोट घालत न्हाय." माझ्या भित्रेपणाची कुणी अशी कदर केली नव्हती. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

तिकडं गेल्यावर मला कायम वाट चुकायची धास्ती असायची. खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी शर्टाच्या खिशात, तिची नक्कल पँटच्या खिशात. सुट्टीच्या दिवशी दार लावून पडून राहावं असं वाटायचं. पण रविवार उजाडला की आबा पटका बांधून दारात उभे. "उठा पाव्हणं, गाव बघायचंय." पुतण्याच्या सासरचा म्हणून मी त्यांचा पाव्हणा. मग आगगाडीनं नाहीतर बसनं तास-दीड तासावरचं एखादं जुनं गाव गाठायचं, दिवसभर हिंडायचं आणि दिवेलागणीला परत यायचं.

गावात शिरायचं ते वेशीतूनच, हा आबांचा पहिला नेम. लुक्का म्हणून एक गाव आहे. त्याचा सबंध तट अजून उभा आहे, आणि इतका रुंद, की वर झाडं लावून लोक फिरायला जातात. स्टेशनाकडून येणारी माणसं तटातल्या एका लहानशा भुयारातून सरळ आत जात होती. आबा थबकले. "ही चोरवाट हाय. पाव्हण्यानं वेशीतनं जावं." खरी वेस सापडेपर्यंत त्यांनी मला बाहेरून चालवलं. वेशीत पोचल्यावर कमरेची पिशवी सोडली, बिरोबाचा भंडारा चिमटीत घेतला आणि आधी दगडाला, मग माझ्या कपाळाला लावला. पिवळी पूड बघून एक पोलीस धावत आला. दोन्ही चिठ्ठ्या मी एकदमच बाहेर काढल्या. आबांनी मात्र एक चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली, दुसरी त्याच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "हळद हाय रं. तुझंबी भलं हुईल." तो पोलीस कपाळ न पुसता हसत गेला.

आबा सगळ्यांशी मराठीच बोलायचे. समोरचा त्याच्या भाषेत बोलायचा आणि दोघांचं जमायचं. सान जिमिन्यानो नावाच्या गावात घराण्याघराण्यांनी ईर्ष्येनं बांधलेले उंचच उंच मनोरे आहेत. ते बघून आबा म्हणाले, "भाऊबंदकी हाय ही. आपल्याकडं बांधावरनं हुती, ह्यांची आभाळावरनं झाली." बाजारात मेंढीच्या दुधाचं चीज दिसलं, तेव्हा त्यांनी तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. त्यांच्या वडलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. कुठल्याही गावाच्या चौकात उभं राहून ते आपल्या जुन्या गावातल्या माणसांना घरं वाटून द्यायचे. "ही कारंजाची जागा म्हंजी आपली आडाची. ते हिरवं दार सुताराचं. हितं मुलाण्याचं दुकान. आन त्या जिन्याच्या वर आमी." त्यांचं इंदापूर तालुक्यातलं ते गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. बाकीचे नव्या गावठाणात गेले, आबांचं घर जळोचीला आलं. त्यात एक गोष्ट सुटली. बिरोबाच्या यात्रेत पालखीचा पुढचा डावा खांदा पिढ्यानपिढ्या आबांच्या घराचा होता. नव्या गावठाणात देव आले, पालखी आली, पण आबा तिथं राहत नव्हते. मान दुसऱ्या घराला गेला. "मरायच्या आदी एकदा खांदा लागला पायजे," एवढंच ते म्हणायचे, आणि डावा खांदा चोळायचे.

एका रविवारी आम्ही डोंगरावरच्या एका गावात पोचलो, तर तिथं त्यांच्या संताची मिरवणूक. पुढं बँड, मागं मेणबत्त्या, मधे लाकडी दांड्यांवर मूर्ती. गल्ली इतकी चिंचोळी की आम्ही भिंतीला चिकटलो. मूर्ती समोर आली आणि मला दिसलं, की पुढच्या दांड्याखाली डावीकडं माणूसच नव्हता. तेवढा एक खांदा मोकळा.

मी आबांची बाही धरेपर्यंत आबा आत शिरले होते. इतक्या वर्षांचा अंगात मुरलेला मान. पायांनी विचारलंच नाही. पटक्यातला म्हातारा देवाला खांदा लावून उभा. बँड थांबला. माणसं ओरडायला लागली. "आबा, भाईर या, धरतील आपल्याला!" मी भिंतीपासनंच हाका मारत होतो.

शेजारच्या खांदेकऱ्यानं दांड्याकडं बोट केलं. तिथं काळी फीत बांधलेली होती. मग त्यानं गर्दीतल्या एका बाईकडं बोट दाखवलं. ती काळ्या कपड्यांत होती, आणि हातात एका माणसाचा फोटो. आबा एकदम चटका बसल्यासारखे बाहेर आले. पटका काढला, दांड्याला कपाळ टेकवलं आणि त्या बाईसमोर हात जोडले. "चुकलं बाई. मोकळी जागा वाटली."

बाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिला काय कळलं देव जाणे. तिनं आबांचा हात धरला आणि परत दांड्यावर नेऊन ठेवला. सगळी गल्ली वाट बघत उभी होती. इतकी वर्षं जे मागितलं ते हाताखाली होतं. आबांनी हात काढून घेतला.

"न्हाय बाई. त्याची हाय ती. त्याचीच ऱ्हाऊ द्या."

मिरवणूक चालू लागली. आबा त्या मोकळ्या जागेच्या बाजूनं, हातभर अंतर ठेवून, देवळापर्यंत चालले. परतीच्या गाडीत एकदाच बोलले, "आमची जागा एक साल तरी मोकळी ठिवायला पायजे हुती रं."

परत आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत तोंड उघडलं. आबांना न सांगता नव्या गावठाणात गेलो. देवळापुढं यात्रेची बैठक भरली होती. आबांचा मान आता ज्यांच्या घरात होता ते तात्या मधोमध बसलेले. मी अडखळत त्या डोंगरावरच्या गावाची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "आबांना एकदा खांदा द्या."

"आरं वा! इटलीवनं आलाय आमाला देव उचलाया शिकवायला!" तात्या म्हणाले. सगळे हसले. माझी मान खाली गेली. हसणं थांबल्यावर तात्यांनी विचारलं, "ती बाई खरंच त्येंचा हात धरून घेऊन गेली?"

"व्हय."

"आन त्येंनी न्हाय म्हणलं?"

"व्हय."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुढच्या यात्रंला बघू," म्हणाले.

पुढच्या यात्रेआधीच आबा गेले. थोडासा ताप, आणि संपलं. यात्रेला जाण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी मी गेलो. ढोल वाजले, भंडारा उधळला, पालखी देवळातून बाहेर आली. पुढच्या डाव्या दांड्याखाली कुणी नव्हतं. तात्यांचा थोरला मुलगा दांड्यापासून हातभर अंतर ठेवून, हात जोडून चालत होता.

तिघांच्या खांद्यावर पालखी डावीकडं कलली होती. गर्दीतलं एक पोरगं सावरायला धावलं, तसे तात्या ओरडले, "लांब हो! आबाची जागा हाय ती. कलू द्या तशीच."



पालखी तशीच, कललेली, गावभर फिरली. मी तिच्या डाव्या बाजूनं चालत होतो.