फोनवरच्या अभंगाला चंद्री पान्हावली

मंडळी, आज सकाळची गंमत तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

आमचे मालक मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दौंडला दवाखान्यात आहेत. इकडं वडगाव रासाईला आमची चंद्री गाय कालपासून दूध देईना. कास तटून दगडासारखी झाली. सुनेनं हात लावला की लाथ. दूध असंच राहिलं तर कास सडायची, म्हणून जीव टांगणीला.

सून म्हणाली, "आत्या, आबा धार काढताना अभंग म्हणत्यात. तुम्ही म्हणून बघा की."

मी म्हटला. चंद्रीनं माझ्या तोंडावर शेपटी मारली.

शेवटी मालकांना फोन लावला आणि स्पीकर गाईच्या कानाशी धरला.

"अगं, वॉर्डात माणसं झोपल्यात."

"मग हळू म्हणा. पण म्हणा."

त्यांनी देवाला आई म्हणणारा रोजचा अभंग धरला. दुसऱ्या चरणाला चंद्री पान्हावली आणि सुनेच्या बादलीत धारा वाजू लागल्या.

"अवो, बास आता. बादली भरली."

"अभंग अर्धा सोडत न्हाईत," मालक म्हणाले. तोवर वॉर्डातले चौघं मागं म्हणत होते.

लेकराच्या ओळखीच्या हाकेला देवाला पान्हा फुटतो, असं संत सांगतात. मी ते जन्मभर गायले, पण आज गोठ्यात डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्याकडं काम करताना कोण काय गातं? जरूर लिहा. चंद्रीसाठी गळा शोधायचाय, मालकांचा दुसरा डोळा अजून बाकी हाय.