शकुंतलाबाईंची काठवट

देविदास मिस्त्रींचा राग मी एकदाच पाहिला, आणि त्याला कारण मीच होते.

पुसेगावात मिस्त्री चाळीस वर्षं सुतारकाम करतात. तडकलेली काठवट कुणीही आणावी. ते भेगेवर पितळेची पट्टी ठोकतात, पाणी ओतून तासभर बघत बसतात. मग जिची काठवट तिनं तिथंच पीठ मळून त्यांच्या चुलीवर भाकरी भाजायची आणि पहिली भाकर मिस्त्रींनी खायची. त्याशिवाय काठवट घरी न्यायची नाही, हा त्यांचा नियम.

तांड्यावरच्या शकुंतलाबाईंची काठवट त्यांच्या आईची. दोन पट्ट्या बसल्या होत्या, तिसरी बसायची होती. तेवढ्यात हिंगोलीत एका संस्थेचं शिबिर लागलं. विषय, फुटलेल्या वस्तू सोन्यानं जोडण्याची जपानी कला. मी शाळेत शिक्षिका. मला वाटलं, आपल्या मिस्त्रींच्या कामाचं कौतुक होईल. शकुंतलाबाईंच्या मागे लागून मी काठवट घेऊन गेले. एवढी अक्कल मी तेव्हा चालवली.

शिबिराच्या मॅडमनी कौतुक केलंच. मग पट्ट्या ओबडधोबड दिसतात म्हणून उपटून काढल्या, भेगांत कसलंसं रसायन भरलं आणि वर सोनेरी भुकटी फासली. जपानात हे कसं करतात मला ठाऊक नाही, पण तिथली माणसं इतकी येडी नसतील. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला, सांगायला लाज वाटते.

घरी शकुंतलाबाईंनी ज्वारीचं पीठ मळलं. गोळ्याला सोनेरी कण चिकटले आणि रॉकेलसारखा वास आला. भाकर म्हशीनंही हुंगून सोडली.

मिस्त्रींनी रसायन कोरून काढलं, पण वास लाकडात मुरला होता.

"काहून दिली त्याइच्या हाती?" ते माझ्यावर कडाडले. "जोडायचं ते वापरायसाठी. भितीला टांगायसाठी न्हाई."

"आता व्हईल का न्हाई, भाऊ?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"न्हाई व्हत, बाई."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. शकुंतलाबाई काठवट काखेत घेऊन उठल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. पुण्यात प्रदर्शन आहे, अशा अजून काठवटी मिळतील का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक मिस्त्रींकडे गेले आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"लय हायेत," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पण त्यात बाया पीठ मळून राहिल्या."